किचनचं वजन सत्तर पाउंड

किचनचं वजन मी सत्तर पाउंड सांगितलं होतं. आमच्या ह्यांनी लॅपटॉपवरच्या, प्रवासाच्या सामानाच्या वजनांच्या तक्त्यात ते लिहून घेतलं आणि वर मला 'थँक यू' म्हणाले. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने थँक यू म्हटल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत, त्यातला एक असा खोट्यावर वाया गेला.

वजन मी केलंच नव्हतं. तांदळाच्या वीस-वीस पाउंडांच्या चार पिशव्या, कणकेच्या तेवढ्याच, डाळींचे डबे, इडलीचं दगडी ग्राइंडर, माहेरची पितळी पातेली, लोखंडी तवे, दिवाळीच्या सामानाची पेटी, आणि सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेला माझा पाटा-वरवंटा. हा पाटा मी अमरावतीहून विमानाने आणलेला. कस्टमवाल्याने विचारलं, हा दगड कशाला? मी म्हटलं, चटणीला. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दगडाकडे, आणि 'जा बाई' अशा अर्थाचा हात केला. इकडे, आमच्या चँडलरच्या घरात सत्तावीस वर्षं तो मागच्या दाराशी, लिंबाच्या झाडाजवळ होता.

आता आठवडाभराच्या ट्रिपला पाटा कशाला, असं कुणीही विचारेल. त्यासाठी आधी घराचं सांगायला हवं.

हे रिटायर होऊन दोन वर्षं झाली. जन्मभर चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्यांच्याच बरोबरचे एक गृहस्थ रिटायर झाल्यावर आठव्या महिन्यात टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेव्हापासून आमच्या घरातल्या तसल्याच खुर्चीत हे बसेनात. चहासुद्धा उभ्याने प्यायचे. मग ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरांचे, व्हिडिओ सुरू झाले, सकाळ-संध्याकाळ, आणि शेवटी पिकअप ट्रक आला आणि त्याच्यामागे पस्तीस फुटांचा नवाकोरा ट्रेलर आला. फिफ्थ व्हील म्हणतात त्याला. साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लटकतो. याचं नाक मात्र पिकअपच्या हौद्यात, एका जाड पिनेवर बसतं. त्या नाकावर बेडरूम आणि पार शेवटाला, मोठ्या खिडकीसकट, किचन. मागे किचन असलेला मीच पसंत केला होता. कारण 'कुठला आवडला?' एवढं एकच मला विचारण्यात आलं होतं. 'हवाय का?' हा प्रश्न कुणी काढलाच नाही.

ट्रेलर दारात आला त्या रविवारी ड्राइव्हवेवर पूजा झाली. आमच्यातले एक रिटायर्ड डॉक्टर काका सगळ्यांच्या पूजा सांगतात, त्यांनी नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चार चाकं ट्रकची, चार ट्रेलरची, आठ चाकांखाली आमच्याच झाडाची आठ लिंबं ठेवली. आणि लिंबं फुटून ट्रेलर दोन फूट पुढे गेल्यावर हातात पेढा धरून ह्यांनी जाहीर केलं, "आणि आता आम्ही घर विकतोय! पुढच्या दिवाळीला कुठे असू, आम्हालाच माहीत नाही!"

चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते तेव्हाच कळलं.

"वहिनी, यू आर सो लकी यार!" असं म्हणत एकीने मला मिठी मारली. मी हसले. व्हिडिओ आहे त्याचा, चांगली दात काढून हसलेय.

तेव्हाच का नाही बोलले? हर्नडनहून लेकीनेही फोनवर हेच विचारलं. "आई, जस्ट टेल हिम नो. व्हॉट्स द बिग डील?" तिला काय सांगणार, कपाळ! मला सरळ 'नको' म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. मला नको असलं की माझं डोकं दुखतं, नाहीतर उपास असतो, नाहीतर त्या दिवशी नेमका प्लंबर येणार असतो. प्लंबरच्या जिवावर मी या घरात पुष्कळ गोष्टी माझ्या मनासारख्या करून घेतल्या आहेत. यावेळीही मी प्लंबरचीच वाट बघत होते म्हणा ना. काहीतरी होईल. गिऱ्हाईक मिळणार नाही. छप्पर गळकं निघेल.

घर विकायला काढण्याच्या कागदावर मी भाकरी करता करता सही केली. ह्यांनी फोन पुढे धरला, "इथे बोट लाव." मी पीठ पुसलं आणि लावलं. तीन आठवड्यांत गिऱ्हाईक आलं. आता त्याला होकार कळवायच्या कागदावर ह्यांची सही झाली होती आणि माझी राहिली होती. त्या कागदाची मेल माझ्या फोनमध्ये होती, तिच्यात एक पिवळं बटण. निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत दाबायचं. "मुक्कामाला पोचलो की निवांत कर," हे म्हणाले होते. मुक्काम लास क्रूसेसचा, न्यू मेक्सिकोत. ट्रेलरची ही पहिलीच लांबची फेरी.

म्हणून पाटा घेतला. घर गेलं तर सामान गोदामात ठेवायचं असं ठरलं होतं, आणि माझा पाटा गोदामात! मी म्हटलं, बघू कोण ठेवतं. रोज थोडं थोडं, हे व्यायामाला गेले की, मी आपलं किचन ट्रेलरमध्ये नेत राहिले. पाण्याची टाकीही मीच गच्च भरून घेतली, स्वयंपाकाला घरचंच फिल्टरचं पाणी हवं म्हणून हट्ट करून. ती टाकीसुद्धा मागेच, किचनच्या खाली. यात काही चुकतंय हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं किचन मागे, म्हणून माझं सामान मागे. अजून कुठे ठेवणार?

टूसॉनपर्यंत सगळं छान होतं. विलकॉक्स सोडलं आणि वारा सुटला. आपल्याकडे वाऱ्याला काही येण्याजाण्याची रीत असते. तिथे नुसतं सपाट माळरान, कोरडं तळं आणि त्यावरून रस्त्याला आडवी जाणारी पिवळी धूळ. धुळीत अडकलात तर काय करायचं, याच्या पाट्या आधी दर थोड्या अंतरावर होत्या. बाजूला थांबा, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. मी त्या तिसऱ्यांदा वाचत असताना ट्रेलर पहिल्यांदा डुलला.

आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि त्याच्याबरोबर आमच्या ट्रकचं ढुंगणही. शेजारून मोठा ट्रक गेला की आधी आम्हाला ढकलायचा, मग ओढून घ्यायचा. ह्यांनी गाणी बंद केली. स्पीड पंचेचाळीसवर आणला. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती.

"वारा आहे," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

मला विज्ञान कळत नाही, पण एवढं कळत होतं की तक्त्यात एक आकडा खोटा आहे आणि तो माझा आहे. सांगू का? सांगितलं तर हे थांबतील, मागे जाऊन कपाटं उघडतील, पाटा बघतील, आणि मग 'हे सगळं का भरलंस' हा प्रश्न येईल, आणि त्याचं उत्तर म्हणजे तेच, जे मला चार महिने म्हणता येत नव्हतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जीव मुठीत धरून दोघंही मरायला निघालो होतो आणि मला लाज कसली वाटत होती, तर पाट्याची. माणूस किती मूर्ख असतो!

मग एक झोत असा आला की आम्ही सरळ शेजारच्या लेनमध्ये गेलो. मागून हॉर्न वाजला, लांबलचक. मी ओरडले. ह्यांनी कसाबसा तो सगळा लवाजमा परत लेनमध्ये आणला, आणि दोन मैलांवरच्या रेस्ट एरियात शिरून, मोठ्या ट्रकांच्या रांगेत शेवटी उभा केला. इंजिन बंद केलं, तरी ट्रक हलतच होता.

दुपारचे बारा वाजले होते. फोनला धड रेंज नव्हती, पण एक इशारा तेवढा आला होता, संध्याकाळपर्यंत वारा असाच. पुढे जायची सोय नाही आणि मागेही नाही. ट्रकमध्ये पाय आखडले म्हणून आम्ही ट्रेलरमध्ये गेलो, तर तिथे त्याहून वाईट. या ट्रेलरच्या भिंती बटण दाबलं की बाहेर सरकतात आणि ऐसपैस हॉल होतो, याच हॉलवर चाळीस माणसं भाळली होती. पण वाऱ्यात त्या भिंती बाहेर काढायच्या नसतात. आत घेतलेल्या असल्या की मध्ये दोन फुटांची बोळकंडी उरते. फ्रीजचं दार उघडत नाही. सोफा दुसऱ्या कपाटाला चिकटलेला. मी बेडरूमच्या पायरीवर बसले आणि हे समोर, बाथरूमचं दार उघडं टाकून, कमोडच्या झाकणावर. गुडघ्याला गुडघा लागत होता. तसेच बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दर झोताला तो अख्खा डबा कुरकुरायचा आणि मागे किचनमध्ये पितळी पातेली एकमेकांवर वाजायची. प्रत्येक वेळी मी चोरून ह्यांच्याकडे बघायचे. पण ह्यांचं लक्षच नव्हतं.

मला जायचं होतं म्हणून मी ओढणी तोंडाला गुंडाळून रेस्ट एरियाच्या बाथरूमकडे गेले. घरच्या कमोडवर नवरा बसलेला, करणार काय! तिथे बेसिनशी एक बाई हात धूत होती. माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची एक वेणी, टोपी. रांगेतल्या मोठ्या ट्रकांपैकी एक तिचा होता.

"तो नवा फिफ्थ व्हील तुमचा ना?" तिने विचारलं. "मी मागूनच येत होते. शेपूट खाली बसलंय त्याचं. मागे काय भरलंय?"

"किचन," मी म्हटलं.

"आणि पाणी?"

"तेही मागेच."

"भरलेलं?"

"गच्च."

तिने नळ बंद केला. "नाकावर वजन नसलं की तो तुम्हाला चालवतो, तुम्ही त्याला नाही. वाऱ्यात तर विचारूच नका. पाणी सोडून द्या, जड सामान पुढे घ्या. ड्रायव्हरचा काही दोष नाही. बरं सांभाळलं त्याने. मी बघत होते."

मी तिचे आभार मानले. परत येताना वारा मला ढकलत होता आणि मी मनात वाक्य जुळवत होते. अहो, एक बाई भेटली. अहो, ते सत्तर पाउंड.

दार उघडलं तर हे तसेच बसलेले, मांडीवर लॅपटॉप, आणि पुढे धरलेल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

"तक्ता तीनदा तपासला," हे म्हणाले. "पिनवर हवं तेवढं वजन येतंय. सगळं बरोबर आहे. मग उरलं काय? मीच." ह्यांनी हात उलटेसुलटे करून बघितले. "मला हे जमत नाहीये गं. उगाच उड्या मारल्या. मी तुला आज मारलंच असतं."

मी पायरीवर बसले.

आता काय झालं होतं ते नीट सांगते, कारण त्या क्षणाची मला आजही लाज वाटते. मी गप्प बसले असते तर घर वाचलं असतं. काही करायचीच गरज नव्हती. हेच म्हणाले असते, चल परत, विकून टाकू ट्रेलर, ते बटण दाबू नकोस. चार महिने ज्याची वाट बघत होते तो माझा प्लंबर आला होता. फक्त तो ह्यांच्या हातांवर बोट ठेवून आला होता. हे परत त्या घरात आले असते, त्या खुर्चीशेजारी, आणि जन्मभर समजले असते की आपले हात गेले. आणि मी त्या घरात रोज चटणी वाटली असती.

मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू? पाच-दहा मिनिटं नाही, चांगला तासभर बसले. दशम्यांचं रिकामं फडकं घडी केलं, परत उघडलं, परत घडी केलं. समोर हा माणूस. लग्नात ह्यांचे केस इतके दाट होते की बाशिंग बसेना. आता टाळूवर धूळ बसलेली. मनात म्हणत होते, असू दे, म्हातारपण सगळ्यांनाच येतं, ह्यांनाही आज ना उद्या कळलंच असतं. आणि लगेच स्वतःचीच किळस यायची. पातेली वाजली की वाटायचं, आता तरी हे विचारतील, कसला आवाज? पण हे हातांकडेच बघत होते.

शेवटी मीच म्हटलं, "अहो, किचनचं वजन सत्तर नाहीये."

"मग?"

"माहीत नाही. केलं नाही."

हे उठले. बोळकंडीतून आडवे होत मागे गेले. मी कपाटं उघडायचा आवाज ऐकत बसले. एक, दोन, तीन. मग टॉवेल सोडल्याचा आवाज.

परत आले की ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. पण ह्यांनी ड्रॉवरमधून आमचा बॅगा तोलायचा काटा काढला. इंडियाला जाताना बॅग तेवीस किलोंवर गेली की नाही ते बघायचा, हुकाचा, आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो तो. एकेक पिशवी हुकाला लावून हे आकडा बोलत गेले आणि मी लिहीत गेले. पाटा हुकाला लागेना, तर त्याला माझ्या ओढणीची झोळी केली. पाण्याच्या टाकीचं ह्यांनी गणितच केलं. सगळं मिळून अकराशेच्या वर गेलं. ह्यांनी तक्त्यातलं सत्तर खोडलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी त्या ट्रकवाल्या बाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. बरं सांभाळलं त्याने, मी बघत होते.

"असं म्हणाली?"

"हो."

पुढचे तीन तास आम्ही हमाली केली. चँडलरचं फिल्टरचं पाणी माळावर सोडून दिलं. वारा त्यातलं निम्मं खाली पडूसुद्धा देत नव्हता. तांदूळ, कणीक, ग्राइंडर, पातेली, सगळं त्या बोळकंडीतून एकेक करत पुढे, बेडखालच्या कप्प्यात. पाटा ह्यांनी एकट्याने उचलला. मी हात लावायला गेले तर "राहू दे" म्हणाले.

सहाच्या सुमारास वारा पडला. आम्ही निघालो. आणि काय सांगू, तोच ट्रेलर, तोच रस्ता, आणि असा सरळ चालला की मागे काही आहे की नाही ते कळेना! एक ट्रक शेजारून गेला, आम्ही हललो नाही. दुसरा गेला. ह्यांनी गाणी लावली. एक हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवला, चार महिन्यांत पहिल्यांदा. "बघ! बघ कसा चाललाय! वजन पुढे आलं ना. तुझा पाटा बसलाय नाकावर!" हे हसत होते. लहान मुलासारखे हसत होते, आणि मला आनंदही झाला, खरंच झाला. फोनला रेंज आली. पर्समध्ये तो टिणटिण वाजायला लागला. आता वारा नव्हता. काही मोडलं नव्हतं. माझ्या दगडांनीच ट्रेलर सरळ केला होता, आणि आता माझ्यासाठी बोलायला कुणी उरलं नव्हतं.

"मला घर विकायचं नाहीये," मी म्हटलं.

गाणं संपलं, दुसरं लागलं, ह्यांनी तेही बंद केलं. पस्तीस फूट मागे घेऊन रस्त्यात कुठे थांबता येत नाही, कुठे वळता येत नाही. मलाही उतरता येत नव्हतं. पुढची एक्झिट आठ मैलांवर होती. ते आठ मैल मी बाहेर बघत रडले. लपवलंही नाही.

एक्झिटला हे बाहेर पडले. पेट्रोल पंपाच्या मागे मोठं मोकळं मैदान होतं, तिथे सगळा डोलारा उभा केला आणि इंजिन बंद केलं.

"चार महिने," हे म्हणाले. "चार महिने का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी विचारलं नाही," हे म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाले, "मला त्या खुर्चीत मरायचं नाहीये गं."

"मग खुर्ची विका ना! घर कशाला?" मी खेकसलेच. "जाऊ आपण. जिथे म्हणाल तिथे येते, पाट्यासकट येते. पण परत यायला मला माझं दार पाहिजे. झाड पाहिजे. विकायचं नाही म्हणजे नाही."

ह्यांनी आरशात मागच्या ट्रेलरकडे बघितलं. मग हात पुढे केला, मला वाटलं माझा हात धरायला, पण ह्यांनी माझा फोन मागितला. ती मेल उघडली. पिवळ्या बटणाखाली बारीक अक्षरात नकाराचंही एक बटण होतं. मी ते कधी बघितलंच नव्हतं. ह्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"तू दाब," म्हणाले.

मी दाबलं. यावेळी बोटाला पीठ नव्हतं.

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "त्या चाळीस माणसांना काय सांगायचं?" आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "वारा फार होता म्हणून सांगू."

किती वर्षांची माझीच युक्ती, आणि हे ती मला देत होते. घेतली असती तर दोघांचंही भागलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मी नको म्हटलं म्हणून सांगा."